बाबांचे पाय वर का केले? डायलिसिस आणि रुग्णाची स्थिती



यावेळचा लेख नेहमीच्या घटकांपेक्षा थोडा वेगळा आहे. चौथीच्या वर्गावर परिसर अभ्यासाच्या तासाला शरीराच्या आतले अवयव शिकवत होते. फळ्यावर हृदय झाले, फुफ्फुसे झाली, मग कमरेच्या थोडे वर, पाठीच्या बाजूला राजम्याच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडे काढली. आमच्या पवईत फिल्टरपाडा नावाची वस्तीच आहे, त्यामुळे 'फिल्टर' हा शब्द मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. मूत्रपिंड म्हणजे रक्ताचा फिल्टर, एवढे म्हटले की पुढे सरकता येते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. एरवी हजेरीलासुद्धा ती हळू आवाजात बोलते. म्हणाली, "बाई, माझ्या बाबांचे फिल्टर खराब झालेत." वर्ग एकदम गप्प.

मधल्या सुट्टीत ती डबा न उघडताच माझ्याजवळ आली आणि तिने विचारले, "बाई, पाय वर केले की माणूस जातो का?"

झाले होते असे. आदल्या शनिवारी घरी कोणी नव्हते म्हणून आई तिला डायलिसिस सेंटरवर घेऊन गेली. दाराच्या काचेतून तिने पाहिले की बाबांना घाम फुटलाय, डोळे मिटलेत, आणि सिस्टर धावत येऊन खुर्चीची पाठ सपाट करून त्यांचे पाय वर करतायत. आईने तिला बाजूला ओढले. नंतर कोणीच काही बोलले नाही. गावी आजी गेली तेव्हा शेवटी तिला खाटेवरून काढून खाली आडवे केलेले या मुलीने पाहिले होते. तिने दोन्ही गोष्टी जोडल्या. तीन रात्री ती नीट झोपली नव्हती.

मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही हे कबूल करते. "नाही गं, तसं काही नसतं" एवढेच म्हणाले. पण 'तसं काही नसतं' हे काही उत्तर नव्हे. आमच्या शाळेतल्याच एक पालक ताई डायलिसिस विभागात स्टाफ नर्स आहेत. त्यांना गाठले, दोन संध्याकाळी बसून समजून घेतले, थोडे वाचले. ते इथे मांडते आहे, कारण आज बहुतेक शाळांत एखाद्या तरी मुलाच्या घरी डायलिसिस चालू असलेले कोणीतरी असते. मी डी.एड. झालेली शिक्षिका आहे, नर्स नाही. आपल्या रुग्णाच्या बाबतीत सेंटरवरच्या सिस्टर आणि डॉक्टर सांगतील तेच खरे.

आधी यंत्राबद्दल थोडक्यात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. लघवीवाटे दीड लिटरच्या आसपास बाहेर जातो. हे काम बंद पडले की युरिया, पोटॅशियम आणि पाणी अंगात साठत जाते. हिमोडायलिसिसमध्ये रक्त नळीने बाहेर काढून हजारो बारीक पोकळ तंतूंच्या गाळणीतून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. मिनिटाला २०० ते ३५० मिली या वेगाने, साधारण ४ तास, आठवड्यातून ३ वेळा.

ही कल्पना पहिल्यांदा जमवली हॉलंडच्या डॉ. विलेम कोल्फ यांनी, १९४३ साली, तीही जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या काम्पेन गावात. लाकडी पिंपाला सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळून! सुरुवातीचे बहुतेक रुग्ण गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई पहिल्यांदा त्या यंत्रामुळे वाचली. आपल्या मुंबईत जुन्या पिढीला हा शब्द कळला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटल्यावर त्यांना जसलोक रुग्णालयात आणले आणि तिथे डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. त्यानंतर ते जवळपास ४ वर्षे जगले, जनता पक्षाचे सरकार आलेले त्यांनी पाहिले. तेव्हा ही मोठ्या माणसांची गोष्ट होती. आता महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे आणि २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. म्हणून रिक्षा चालवणाऱ्या बाबांनाही ते मिळते, आणि म्हणूनच ते आपल्या वर्गापर्यंत पोहोचले आहे.

हाताचा छोटा प्रयोग

आता मूळ प्रश्न. पाय वर का केले? हे शब्दांत सांगण्याआधी वर्गात एक प्रयोग करा, साहित्य काहीच लागत नाही. प्रत्येक मुलाने उजवा हात सरळ वर उचलायचा आणि डावा खाली लोंबत सोडायचा. एक मिनिट थांबायचे. मग दोन्ही तळहात समोर धरून बघायचे. वर होता तो फिकट दिसतो, खाली होता तो लालसर, त्याच्या मागच्या शिरा फुगलेल्या. मुले अक्षरशः ओरडतात, "बाई, वेगवेगळे रंग!" रक्त हेही शेवटी पाण्यासारखेच, उताराकडे जाते. हृदय त्याला ढकलत असते म्हणून आपल्याला एरवी जाणवत नाही.

बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या पायांत नेहमीच बरेचसे रक्त थांबलेले असते. निरोगी माणसाच्या शिरा लगेच आवळतात, हृदय जरा जोरात चालते, भागून जाते. डायलिसिसच्या रुग्णाचे मात्र तसे नाही. त्याच्या अंगात साठलेले दोन-तीन लिटर पाणी मशीन ४ तासांत काढत असते. आणि हे पाणी मशीन काढते फक्त रक्तातून. बाकी पाणी असते पायाच्या सुजेत, स्नायूंत, पोटात. रक्तातले कमी झाले की तिकडचे हळूहळू रक्तात येते. आपल्या सोसायटीच्या टाकीसारखेच आहे बघा. गच्चीवरच्या टाकीतून सगळ्यांनी एकदम नळ सोडले आणि खालच्या टाकीतून पंप मात्र सावकाश भरतोय, तर वरची टाकी रिकामी होणारच. खाली पाणी भरपूर असूनही.

टाकी रिकामी म्हणजे बीपी खाली. जांभया येतात, घाम फुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी शुद्ध हरपते. डायलिसिस चालू असताना सर्वांत जास्त आढळणारा त्रास हाच. अशा वेळी सिस्टर मशीनचे पाणी काढणे थांबवतात, खुर्ची सपाट करतात आणि पाय वर उचलतात. पाय उचलले की पायांतले सुमारे ३०० मिली रक्त, म्हणजे दीड पेला म्हणा, काही सेकंदांत छातीकडे परत येते. बाहेरून काहीही न देता, रुग्णाचेच रक्त रुग्णाला. मग गरज पडली तर सलाईन. म्हणजे त्या मुलीने काचेतून जे पाहिले ते बाबा जाताना नव्हते. ते बाबांना परत आणताना होते.

इथे एक बारकावा ताईंनी सांगितला तो मला फार आवडला. पूर्वी अशा वेळी अख्खा पलंगच तिरका करून डोके खाली करायचे. या स्थितीला ट्रेंडेलेनबर्ग म्हणतात, एका जर्मन शल्यविशारदाच्या नावावरून. त्यांनी ती वापरली ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेसाठी, आतडी छातीकडे सरकावीत म्हणून. पहिल्या महायुद्धात ती बीपी पडलेल्या सैनिकांसाठी रूढ झाली आणि मग सवयच पडली. पण डोके खूप खाली केले की पोटातले अवयव फुफ्फुसांवर दाब देतात, श्वास जड होतो, आणि बीपीला टिकाऊ फायदा होतो असेही नाही. म्हणून आता पाठ सपाट आणि फक्त पाय वर, हे बऱ्याच ठिकाणी पसंत करतात. मोठ्या माणसाने एकदा सांगितले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलेल्या गोष्टी आपल्या शाळाखात्यातच असतात असे मला वाटायचे!

मग सुरुवातीपासूनच आडवे का ठेवत नाहीत?

हा प्रश्न मीच विचारला. उत्तर ऐकून कळले की हे काम दिसते तेवढे सोपे नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असलेल्या रुग्णाला शुक्रवारनंतर थेट सोमवारी यायचे असते. मध्ये रविवार. रविवारी पाहुणे, दोन कप चहा जास्त, आमटी-ताक. सोमवारी तो येतो तेव्हा पाणी फुफ्फुसांपर्यंत गेलेले असते. आडवे झाले की दम लागतो, म्हणून रात्रभर दोन-तीन उशा लावून तो बसलेला असतो. घरच्यांनी ही खूण लक्षात ठेवावी. उशा वाढल्या की पाणी वाढलेय, पुढच्या वेळेची वाट बघत बसू नका, सेंटरला कळवा.

असा रुग्ण आला आणि त्याला सपाट झोपवले तर तो गुदमरतो. त्याला पाठ उंच करून, जवळजवळ बसवूनच मशीनला लावावे लागते. बसले की पाण्याचा भार खाली राहतो, छातीचा पडदा खाली सरकतो, श्वासाला जागा मिळते. पाठ उंच करून टेकून बसवण्याच्या या स्थितीला फाउलर स्थिती म्हणतात, तेही एका अमेरिकन सर्जनचे नाव. पण गंमत अशी की पहिल्या तासाला ज्याला बसवल्यावाचून गत्यंतर नाही, त्यालाच तिसऱ्या-चौथ्या तासाला बसवून ठेवले तर बीपी पडते. पाणी जसजसे निघते तसतसा दम कमी होतो आणि बीपीची भीती वाढते. म्हणून सिस्टर खुर्चीची पाठ टप्प्याटप्प्याने खाली आणत जातात, मधून मधून बीपी बघत, चेहरा बघत. नातेवाइकांना वाटते उगाच खुर्ची वर-खाली करतायत. ताई म्हणाल्या, "मशीन आकडे सांगतं, पण जांभई कोणाला आली ते मशीनला दिसत नाही."

एक गणितही त्यांनी दिले. दर किलो वजनामागे ताशी १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी काढणे टाळावे असे मानतात. रुग्ण ६० किलोचा असेल तर ६० × १३ × ४, म्हणजे ३१२० मिली. त्यापेक्षा जास्त पाणी अंगात घेऊन आला तर एकतर पाणी शिल्लक ठेवावे लागते, किंवा वेळ वाढवावी लागते, किंवा बीपी पडण्याचा धोका पत्करावा लागतो. वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. मुलांना घरातल्या पाण्याच्या बाटलीचा अर्थ कळेल.

याच कारणासाठी डायलिसिस चालू असताना भरपेट खाणे बरे नाही. खाल्ले की रक्त पोटाकडे धावते, आधीच टाकी अर्धी, त्यात आणखी एक नळ उघडला. काही सेंटरवर थोडे खायला देतात, तेव्हा पाठ सरळ करून बसूनच खावे. आडवे पडून वडापाव खाताना ठसका लागला तर काय होईल ते सांगायला नको. उलटी होतेय असे वाटले तर मान आणि अंग कुशीवर वळवायचे, म्हणजे उलटी श्वासनळीत जात नाही. फक्त सुया असलेला हात अंगाखाली जाणार नाही हे बघून.

तो हात. हातावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे. बहुतेक रुग्णांच्या मनगटाजवळ किंवा कोपराजवळ एक रोहिणी आणि एक शीर शस्त्रक्रियेने जोडलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तीच सर्वांत भरवशाची मानतात. जोड दिल्याने शीर जाड होते आणि तिच्यात दोन जाड सुया घालता येतात. एका सुईने रक्त बाहेर जाते, दुसरीने परत येते. हात कोपरात वाकला, अंगाखाली गेला, उशीखाली दबला की प्रवाह अडतो आणि मशीन ओरडते. म्हणून हात सरळ, उशीवर टेकवलेला, तळवा वर. चार तास हात हलवायचा नाही हे ऐकायला सोपे वाटते. आपण स्टाफ मीटिंगमध्ये वीस मिनिटे एका जागी बसून दाखवावे.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पांघरुणाची. सेंटरवर एसी असतो, रुग्णाला थंडी वाजते, आणि घरचे माणूस मायेने गळ्यापर्यंत चादर ओढून देते. आम्हीही केले आहे. माझे सासरे गेले वर्षभर डायलिसिसवर आहेत आणि पहिल्या महिन्यात मीच त्यांचा हात झाकला होता. सिस्टरने येऊन चादर बाजूला केली तेव्हा मला रागच आला होता. कारण नंतर कळले. परतीची सुई निसटली तर मशीन रक्त बाहेरच फेकत राहते, मिनिटाला ३०० मिली म्हटले तर ५ मिनिटांत दीड लिटर. माणसाच्या अंगात सगळे मिळून पाचएक लिटर. आणि सुई निसटल्यावर मशीनचा अलार्म दर वेळी वाजेलच असे नाही, कारण सुई चादरीत अडकून राहिली तर दाब फारसा बदलत नाही. उघडा हात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. झाकलेल्या हातात काय चाललेय ते ओले लागेपर्यंत कळत नाही. एसी लागत असेल तर अंगभर पांघरूण घाला, पायात मोजे घाला, दुसरा हात झाका. हा हात, त्यावरची सुईची जागा आणि नळ्यांचे जोड उघडे राहिले पाहिजेत.

घरीही त्याच हाताची काळजी. त्यावर बीपी मोजू द्यायचे नाही, रक्त काढू द्यायचे नाही, घट्ट बांगड्या-घड्याळ नको, दळणाची पिशवी नको, त्या कुशीवर झोपायचे नाही. रोज सकाळी बोट ठेवून बघायचे, मांजर घुरघुरते तशी थरथर लागते. ती लागली नाही तर त्याच दिवशी फोन करायचा.

ज्यांना फिस्टुला तयार व्हायचा असतो त्यांना मानेत किंवा जांघेत कॅथेटर घालतात. मानेचे असेल तर मान एका बाजूला फार वळली की नळी दुमडते. जांघेचे असेल तर ताठ बसायचे नाही, मांडी घालायची तर अजिबात नाही. आपल्याकडे आजोबांना खुर्चीवरही मांडी घालून बसायची सवय असते, तेव्हा हे आधीच सांगून ठेवलेले बरे. मानेचे कॅथेटर काढताना रुग्णाला सपाट, शक्यतो डोके जरा खाली करून झोपवतात. बसलेल्या माणसाने श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो आणि उघड्या छिद्रातून हवा आत ओढली जाऊ शकते.

रक्तात हवा जाणे ही क्वचित घडणारी पण भयानक गोष्ट. मशीनवर बुडबुडा ओळखणारे यंत्र असते, ते नळी आपोआप बंद करते. तरीही तसे झालेच तर पंप बंद करून, ऑक्सिजन लावून, रुग्णाला डाव्या कुशीवर आणि डोके खाली असे ठेवायला नर्सिंगमध्ये शिकवतात. हवा वर जाते हे आपण तिसरीपासून शिकवतो. डाव्या कुशीवर ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला अडकून राहावी, फुफ्फुसाच्या वाटेला लागू नये, यासाठी ती स्थिती. इथे मात्र डोके खाली हेच हवे. म्हणजे एकाच खोलीत एकाला बसवायचे, एकाचे पाय वर, एकाला कुशीवर. स्थिती पाठ करून चालत नाही, कारण ओळखावे लागते.

पोटरीत गोळा येणे हा त्रास मात्र घरच्यांनाही हाताळता येतो. पाऊल गुडघ्याकडे दाबून धरायचे, म्हणजे पोटरी ताणली जाते. सिस्टरला हाक मारायचीच, पण ती येईपर्यंत एवढे करता येते. मधुमेही रुग्णांच्या टाचांना स्पर्श कळत नाही, चार तास त्याच जागी दाब राहिला तर जखम होते. पोटऱ्यांखाली मऊ उशी द्यावी, टाचा अधांतरी राहतात.

आणि शेवटची दहा मिनिटे. माझ्या सासऱ्यांना याच वेळी घेरी आली. मशीन सुटली, बँडेज झाले, पुढचा रुग्ण दारात उभा, म्हणून ते एकदम उठून चप्पल घालायला वाकले आणि कोसळले. कपाळाला तीन टाके पडले. घाई सेंटरची होती, आमचीही होती, बाहेर रिक्षावाला थांबला होता. चार तास टेकून असलेला माणूस एकदम उभा राहिला की उरलेसुरले रक्त पायांत उतरते. म्हणून आधी खुर्ची सरळ करून थोडे बसायचे, मग पाय खाली सोडून पाच मिनिटे, पावले वर-खाली हलवत. मग धरून उभे राहायचे, उभ्याने बीपी बघायचे, मग चप्पल, आणि ती दुसऱ्याने पुढे सरकवायची. जेव्हीएलआरवरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात अर्धा-पाऊण तास बसावे लागते, कांजूरमार्गच्या पुलाच्या पायऱ्या तर विचारूच नका. त्यामुळे ही पाच मिनिटे मागून घ्यायला लाजू नका.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले नाही. तिला हाताचा प्रयोग करायला लावला, मग वर्गातल्या सतरंजीवर मी स्वतः आडवी झाले, पाय खुर्चीवर ठेवले आणि तिला म्हटले, "बघ, मी गेले का?" ती हसली, आठवड्यात पहिल्यांदा. तिच्या आईशीही बोलले. त्यांना वाटत होते की लहान मुलांना हे न सांगितलेलेच बरे. त्या दिवशी काय झाले ते बाबांनीच तिला सांगावे असे आमचे ठरले, आणि त्यांनी सांगितले.

परवा तिने वही दाखवली. खुर्चीवर बाबा आहेत, पाय वर, आणि पायाकडून डोक्याकडे जाणारे सात-आठ लाल बाण. एक हात चादरीबाहेर, त्याच्यावर मोठी पिवळी चौकट आणि खाली लिहिलेय, 'झाकू नये'. चपला मात्र तिने खुर्चीपासून लांब, पार दाराजवळ काढल्या आहेत. विचारले तर म्हणाली, "म्हणजे बाबा लगेच उठणार नाहीत."